हरणाची नवी शिंगं

शुक्रवार संध्याकाळ, घुब्रा

दुपारभर चिडचिड. माझ्या गोष्टीतलं अमेरिकन हरीण मक्याच्या शेतांकडून कोरड्या माळावर येतं आणि मोठ्या शिंगांच्या जोरावर झुंज जिंकतं. आज वाचलं, त्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. माळावर चारा कमी, म्हणजे शिंगंही लहान! आम्ही ईदचे बकरे बघत वाढलेलो. मला वाटलं, शिंगं जन्मभराची. आता हे जिंकणार कसं?

अब्बा मवालेहच्या मंडईतून भाजी घेऊन आले. "एका हरणापायी जेवली नाहीस? हरू दे की त्याला. पुढल्या साली पाऊस पडला तर?"

अरे हो! लहान शिंगंही गळणारच ना.

शेवट बदलला. हरीण हरतं, शिंगं टाकतं, आणि पाऊस पडल्यावर पहिल्या हिरव्या पाल्याला तोंड लावतं. खलास. जाम भूक लागलीय.