वाचताना मध्येच उठायचं नाही

लातूर

प्रिय मिहिर,

पत्र उघडलंस का? मग आधी माझ्या अटी ऐक. जेवणं उरकल्यावरच वाचायला बसायचं. वाचून दाखवणाऱ्यानं एकही ओळ गाळायची नाही, आणि मध्येच उठायचं तर मुळीच नाही. तुला बोललेली मराठी सगळी कळते, शिव्यासुद्धा, पण अक्षरं दिसली की तुझी गाडी बंद पडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. वाचणाऱ्याला चष्मा लागला असेल तर तोही लावायला सांग.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. आमच्या ह्यांचे, म्हणजे तुझ्या अमृतआजोबांचे, कान तेवढे गेलेत. तू पाठवलेली तुझी फुटबॉलची मॅच ते रोज फोनवर बघतात आणि रोज चिडतात. "ह्या पोराला फुडं का जाऊ देत न्हाईत? सारखं मागंच हुभं करायलेत." मी ओरडून सांगते, अहो, डावीकडून येणाऱ्याला अडवायचं हेच त्याचं काम आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, आडवायला काय, बैल बी आडवतंय. तुझी एवढी काळजी तिकडे अमेरिकेत डॅलसमध्येही कुणी करत नसेल. तुझी आई नांदेडला तिच्या वडिलांच्या उशाशी बसून आहे. अनंतरावांचं खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यांना आधाराशिवाय चालता येईपर्यंत देविका काही तिथून हलत नाही. परवा ती दुपारपुरती लातूरला येऊन गेली. माझ्या ओट्याशी उभी राहून भाजी निवडता निवडता रडायला लागली. म्हणाली, मावशी, माझ्यामागे त्या घरात बाप-लेक दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवतात. मी तिला चहा करून दिला आणि म्हटलं, बघते मी काय करायचं ते.

भांडण कशावरून ते मला दोघांकडूनही कळलंय. डेन्मार्कच्या क्लबानं तुला बोलावलंय. तू म्हणतोस आत्ताच जायला हवं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिकडच्या क्लबांना बाहेरचं पोरगं सहसा घेता येत नाही. तुझा तो दोस्त सोळाव्या वर्षीच गेला, कारण त्याच्या आजोबांच्या पुण्याईनं त्याला इटलीचा पासपोर्ट मिळाला. आपले वाडवडील औशाच्या पुढे बैलगाडीनं जेवढं जाता येईल तेवढंच गेले, तुला कुठला पासपोर्ट मिळणार? म्हणजे त्याच्यामागे तू आधीच पडलास. आता डिसेंबरात तुला अठरा पूर्ण होतात, जानेवारीत त्यांचं दार उघडतं, आणि कॉलेज करून बाविसाव्या वर्षी गेलास तर तिथली पोरं तोवर मुरून तयार झालेली असतील, तुझ्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. तुझा बाबा म्हणतो, कॉलेज फुकट मिळतंय, खेळताही येतंय, आधी ते कर. गुडघा एका क्षणात जातो, डिग्री कुणी काढून घेत नाही. युरोप काय पळून चाललाय? दोघांचंही बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे. एकजण चुकला असता तर मी सरळ त्याचा कान धरला असता.

लेकराला घराबाहेर कधी पाठवावं, यावर लातुरात पानटपरीवाला पण तुला तासभर ऐकवेल. कुणी म्हणतो आठवीतच फाउंडेशनच्या क्लासला टाका, कुणी म्हणतो दहावी होऊ द्या, कुणी बारावीनंतर रिपीटर बॅचला आणून सोडतो. ट्यूशन एरियातल्या खोल्यांवर मी इतकी वर्षं डबे पुरवते. परत आलेला डबा उघडला की लेकराचं कसं चाललंय ते थोडंफार कळतं. थोडंफारच, कारण माझाही अंदाज चुकतो. इस्लापूरची स्वप्नाली पंधराव्या वर्षी आली. रोज डबा अर्धा परत. मीच तिच्या वडिलांना फोन करून म्हटलं, घेऊन जा, ही टिकायची नाही. ते घेऊन गेले. पुढच्या जूनमध्ये पोरगी स्वतःच बॅग घेऊन माझ्या दारात उभी. "आज्जी, आता जेवते म्या." आज ती डॉक्टर व्हायला शिकते आहे. आणि चांगला मिशा फुटलेला एक घोडा होता, आईचा फोन आला की न्हाणीघरात जाऊन रडायचा. वयाचं काही खरं नाही, बाळा. घरातून निघताना लेकरू कसं निघालं, त्याच्यावर पुष्कळ असतं.

मागे तू मला हसत सांगितलं होतंस, प्रॅक्टिसहून आलो की बाबा पोलिसासारखा माझा डबा उघडून बघतो, संपवलाय की नाही. तो तसं का करतो, ते आता सांगते. वाचणाऱ्यानं इथं घोटभर पाणी प्यावं आणि पुढे वाचावं.

तुझा बाबा अकरा वर्षांचा असताना माझ्याकडे लातूरला आला. त्याची आई केवळाअक्का ही माझी थोरली बहीण. औशाच्या पलीकडे त्यांचं गाव. माणिकप्पा भाऊजींना एकच ध्यास होता, पोरगं लातूरला शिकलं पाहिजे. तेव्हा हवाच तशी होती, लातूरला घातलं की पोरगं बोर्डात येतं म्हणायचे. अक्का म्हणत होती, आणखी थोडं थांबा, लहान हाय ते. म्हणजे बघ, तुमच्या घरात चाललंय तेच भांडण. भाऊजींचं खरं झालं आणि जूनमध्ये पोरगं आलं ते तोंड फुगवूनच. निघताना आईशी बोललासुद्धा नाही.

अक्का रोज त्याला मुक्कामी गाडीनं डबा पाठवायची. मुक्कामी म्हणजे जी एसटी रात्री गावातच थांबते आणि सकाळी शहराकडे निघते. रेवणसिद्ध म्हणून कंडक्टर होता, तो डबा आणायचा. तुझा बाबा शाळेच्या आधी स्टँडवर जाऊन घ्यायचा, आणि संध्याकाळी त्याच गाडीनं रिकामा डबा परत जायचा. माझ्या घरात काय चूल पेटत नव्हती असं नाही, पण आईच्या हातचं म्हणून. खेड्यापाड्यांची कितीतरी लेकरं तेव्हा अशीच जेवायची. पुढे तुझ्या बाबानं संप पुकारला. डबा तसाच परत पाठवायचा आणि माझ्याकडे येऊन गपचूप जेवायचं. भरलेला डबा बघून आईचं काळीज हलेल आणि ती आपल्याला घरी नेईल, एवढाच त्याचा डाव. मी समजावलं, आजोबांनी दम दिला. पण आपल्या घराण्याचा हट्ट तुला माहीतच आहे, तुझ्यात काही तो आभाळातून पडला नाही. गणपती बसले तरी त्याचं तेच. विसर्जनाच्या संध्याकाळीही त्यानं न खाल्लेला डबा रेवणसिद्धच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. पहाटे लातूरसुद्धा हललं होतं, फळीवरची भांडी खाली आली होती, सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती. पण गावाकडे काय झालंय याची आम्हाला अजून कल्पना नव्हती. तो आपला नेहमीसारखा स्टँडवर गेला. आजोबा त्याला आणायला गेले, तर जागचा हलेना. "गाडी यीऊ द्या की," एवढंच म्हणत राहिला. ती गाडी तेव्हा जखमी माणसं वाहत होती. अक्का, भाऊजी, त्यांची सगळी आळी, दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दुपारी आजोबांनी त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं. तो रडला नाही. मला म्हणाला, मावशी, मला भाकर दे, मी सगळी खातो.

मिहिर, तुला हे माहीत असलंच पाहिजे.

पुढे जो तो त्याला म्हणायचा, नशीबवान आहेस, वेळेवर गावाबाहेर पडलास. त्याला ते ऐकवत नाही. विषय निघाला की तो उठतो. नांदेडला त्याच्या लग्नात पंगतीत कुणीतरी, कौतुकानंच, भूकंपातून वाचलेला जावई म्हणालं, तर नवरदेव भरल्या पानावरून उठला. तू पहिल्यांदा इथं आलास तेव्हा मी म्हटलं, नाक अगदी अक्काचं घेतलंय. तुला माझ्या मांडीवर तसाच ठेवून तो बाहेर निघून गेला. फोनवर अक्काचं नाव काढलं की तिकडे रेंज जाते. आमच्या ट्यूशन एरियात रेंज असते आणि अमेरिकेत जाते म्हणे!

तुला वाटतं बाबाला फुटबॉल कळत नाही. कळतो रे. तुझी सगळी पहिली बक्षिसं त्यानं मला फोनवर एकेक करून दाखवलीत. गुडघा, डिग्री हे तो तुला सांगण्यापुरतं सांगतो. त्याची खरी भीती वेगळी आहे. लेकरू घराबाहेर पडलं की मागे घर उरत नाही, हे तो अकराव्या वर्षी शिकला. अजून पस्तीस-चाळीस वर्षं तू कॉलेज करत बसलास तरी त्याला घाईच झाली असं वाटेल. वाचणाऱ्याला हे पटत नसेल तर त्यानं वाचून झाल्यावर मला फोन करून भांडावं. आत्ता नाही.

आणि आता तू चिडणार आहेस. चिड. तू मला शपथ घालून सांगितलंस, की अठरा झाले म्हणजे बाबाची सही लागत नाही, तिकीट काढलंय, आई नांदेडला आहेच, बाबा कामावर गेला की निघायचं आणि तिथं पोचल्यावर मेसेज टाकायचा. मी तेव्हा हो म्हटलं नव्हतं. नुसती ऐकत होते. तुझं गुपित मी आता या कागदावर, मोठ्या अक्षरात फोडलंय. तुला वाटेल नीलाआजीनं दगा दिला. वाटू दे. या घरातलं एक लेकरू असं रुसून, न बोलता निघालं होतं. ते अजून पोचलेलं नाही. दुसऱ्याला मी तसं जाऊ देणार नाही, मग तू जन्मभर माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

महांतेश, अजून बसलायस ना? उठू नकोस. पोरगं समोर बसलंय. देविका इकडे आहे, त्या घरात मराठी वाचणारा तू एकटाच आहेस. पोराला मी सांगितलं, मी तुझ्या बाजूनं लिहिते, बाबाकडून वाचून घे. फोनवर तू मला कधीच पुरं बोलू दिलं नाहीस, पण लेकराला वाचून दाखवायला घेतलेलं बाप अर्ध्यावर टाकत नाही, म्हणून हे पत्र. रेवणसिद्ध त्या रात्री गाडीतच झोपला होता म्हणून वाचला. पुढे तो मला येऊन भेटला. विसर्जनाच्या त्या संध्याकाळी तुझा डबा घ्यायला अक्का स्वतः आली होती. तिनं गाडीच्या दारातच तो उघडला. खाली भाकरी-भाजी होती तशी. वरच्या कप्प्यातले शेंगदाण्याचे लाडू मात्र सगळे संपलेले. तुला न खाल्लेली भाकरी तेवढी आठवते, लाडू खाल्लेले आठवत नाहीत. अक्का हसायला लागली. "बघा रेवणअण्णा, रुसलंय, पर लाडू सोडत न्हाई. लई लबाड हाय. आता ऱ्हातंय ते तिथं." उद्या जास्तीचे लाडू देते म्हणाली, आणि हसत हसत घरी गेली. तुझी आई रागावून गेली नाही रे, महांतेश. तुझं बरं चाललंय हे बघून गेली. आता तुझ्या पोराला जाऊ दे. विमानतळावर तूच सोडायला जा, आणि डबा दे बरोबर. भाकरी नाही खाल्ली तरी चालेल, वरच्या कप्प्यात लाडू घाल.

तुझीच,
नीलाआजी
आणि वाचणाऱ्याची, मावशी