शेवटच्या रांगेतला हात

आबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी आता जवळजवळ तुमचाच धंदा करते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुमच्यासारखे भोंगे आणि अ‍ॅम्प्लिफायर टेंपोत टाकून कोडोलीभर फिरत नाही. माझं सगळं सामान एका पिशवीत मावतं. पॉडकास्ट म्हणतात त्याला. रेडिओसारखंच असतं, फक्त स्टेशन आपल्या घरात आणि साहेबही आपणच. कष्ट करून खाणाऱ्या बायकांना बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि लोकांनी सवडीनं फोनवर ऐकायचं. सोमवार ते शनिवार कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते, रविवारी हे काम. चार वर्षांत एक पंधरवडा चुकलेला नाही, आणि हे मी छाती पुढं काढूनच सांगतेय.

हल्ली कॉलेजातल्या मुली विचारायला येतात, ताई, सुरुवात कशी करायची. त्यांना वाटतं मी एखाद्या महागड्या माइकचं नाव सांगणार. मी म्हणते, आधी स्वयंपाकघरात चला. माझा स्टुडिओ तोच आहे. खिडकीवर आणि दारावर आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन जाड वाकळा टांगल्या की भिंतींचा घुमारा जातो. फ्रीज बंद करायचा, कारण त्याची घरघर आपल्या कानाला सवयीची असते, माइकला नसते. बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. ही अक्कल दोन लिटर दूध नासल्यावर आली. माइक तोंडापासून एका मुठीवर, हे तर तुमचंच. "माइक खायाचा नस्तोय," म्हणायचात. तीन एपिसोड तयार झाल्याशिवाय पहिला सोडू नका. दर आठवड्याला झेपत नसेल तर पंधरा दिवसांनी करा, पण ठरलेला वार मोडू नका. मूळ रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा. किती जणांनी ऐकलं ते सारखं उघडून बघत बसू नका, जीव कष्टी होतो आणि कामही होत नाही. प्रश्न छोटा विचारा आणि गप्प बसा. हे शेवटचं मला अजून जड जातं, तुम्ही हसाल.

एवढं सगळं येत असूनही मी एकच चूक दोनदा केली. पहिली तुम्हाला ठाऊक आहे. कुठंही कार्यक्रम असला की तुम्ही स्टेजवर माइक लावायचात आणि मला मैदानाच्या पार शेवटी पाठवायचात. "हॅलो, हॅलो, मागं येतंय का?" नीट ऐकू आलं की मी हात वर करायचा. मी सातवीत होते, आमच्या शाळेतल्या बाईंचा निरोप समारंभ होता. मैत्रिणींबरोबर मी शेवटच्या रांगेपाशी उभी आहे, आणि तुमचं दुसरं हॅलो संपायच्या आत माझा हात वर. तुम्ही मान हलवता आणि माइक बाईंच्या हातात देता. मागचा भोंगा बंदच होता. ज्यांच्या दारात खेटे घालून बाईंनी मुली शाळेत आणल्या, त्या आया शेवटी बसल्या होत्या. त्यांना बाईंचे ओठ तेवढे हललेले दिसले, आणि भरल्या कार्यक्रमात ओरडून सांगायचं कुणी? घरी येताना टेंपोत तुम्ही एवढंच म्हणालात, "हात वर केलास, पर ऐकलं न्हाईस." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

दुसरी चूक मागच्या वर्षीची. नेसरीच्या एका आजींना त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड केलं. गावच्या दूध संस्थेत येणारं दूध तपासून त्याची फॅट काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एकदा सख्ख्या दिराच्या दुधात पाणी निघालं, तेही त्यांनी परत पाठवलं, आणि वर्षभर घरात त्यांच्याशी कुणी बोललं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. माझ्या कानाला हेडफोन, मला शब्दन् शब्द कळत होता. हेडफोन म्हणजे पहिली रांग, आबा. मी एपिसोड तसाच सोडला. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. घरातली सगळी माणसं मोबाइल मधोमध ठेवून ऐकायला बसली होती. "अक्का, आईचं कायबी कळंना. तुमचंच हासणं ऐकू येतंय तेवढं." मागून आजी म्हणाल्या, "एकदा त्वांड उघडलं, त्येबी कुणाला ऐकू ग्येलं न्हाय."

एपिसोड मी लगेच काढून टाकला आणि रविवारी पहिल्या एसटीनं नेसरी गाठली. माफी मागितली. आजी पुन्हा बोलायला तयार होईनात. चहा झाला. मग मी त्यांना तुमची शेवटच्या रांगेची पद्धत सांगितली. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मग दिराला बशीव की शेवटच्या रांगंत."

त्या पुन्हा पहिल्यापासून बोलल्या, आणि या खेपेला दुधाशी आल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला नाही. नंतर मी ते आतल्या चुलीपाशी फोनवर लावलं. दीर बाहेर सोप्यात, ओसरीवर बसले होते, आता तेही म्हातारे; नीट ऐकू आलं की हात वर करा, एवढंच त्यांना सांगून ठेवलं होतं. दुधाची गोष्ट आली. ती संपली आणि त्यांनी हात वर केला. "येतंय," म्हणाले. "समदं येतंय."

त्या माणसानं हात वर केला आणि मला माझा हात आठवला. तुम्ही शेवटपर्यंत समजत होतात की पोरगी गप्पांत रमली होती. तसं नव्हतं. मैत्रिणी तुमच्या हॅलो-हॅलोची नक्कल करून हसत होत्या. मला तुमची लाज वाटली, आणि तुम्ही लवकर गप्प व्हावं म्हणून मी हात वर केला. आज प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी मी तेच हॅलो तुमच्याच सुरात म्हणते, आणि शेवटची रांग कुठं असेल ते शोधून तिथं जाऊन बसते. तुमचा आवाज मात्र माझ्याकडं कुठंच रेकॉर्ड केलेला नाही. हे पत्र वहीतच राहील. तुम्ही विचारलं होतंत ना, मागं येतंय का? येत नव्हतं, आबा.