घड्याळ म्हणतं, हळू

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता माझेही दात पडून गेले. अक्षर मला अजून येत नाही. मी बोलतेय, सून लिहितेय, आणि मध्येच तोंड दाबून हसतेय.

मला नातीची तक्रार करायचीय. पोलीस भरतीच्या मागे लागलीय ती. मागच्या वेळी धावायच्या चाचणीत जीव खाऊन सुटली आणि अर्ध्यावर ओकत खाली बसली. म्हणून आता भरतीच्या क्लासच्या सरांनी तिच्या मनगटाला घड्याळ बांधायला लावलंय. ते छातीचे ठोके मोजतं. ठोके फार खाली आले की कुईकुई करतं, एकशेचाळीसच्या वर गेले तरी करतं, आणि मग ही बया धावायची सोडून चालायला लागते. सर म्हणतात, आधी दम वाढू दे, वेग मागून येईल. मी विचारलं, "चोर काय तुझं घड्याळ बघून पळणार आहे?" तर म्हणते, "आजी, तू गप चाल ना." चाल म्हणजे, मीही असते मैदानात. ती इतकं हळू धावते की माझे हे गुडघे तिच्या बरोबरीनं जातात. दूधवालासुद्धा हसतो आम्हाला. अशी चीड येते म्हणून सांगू. तू असतीस तर ते घड्याळ नाल्यात भिरकावलं असतंस.

घाटकोपरची टेकडी उतरून आपण विक्रोळीला बांधकामावर निघायचो, तेव्हा तू पुढे, रिकामं घमेलं डोक्यावर पालथं, आणि मी मागे पळतेय. "पाय उचल, मुकादम तुझा मामा लागतो काय?" एवढंच बोलायचीस. त्या वाटेवर मी तुझी पाठच बघितली. मग एका वर्षी तू हळू चालायला लागलीस, अगदी माझ्या बरोबरीनं. मी इतकी खूश की टेकडी उतरेपर्यंत तोंड बंद नाही. तुला श्वास पुरत नव्हता, हे मला तू गेल्यावर कळलं. ठोके मोजणारं तेव्हा कोण होतं, आणि तू तरी कुठे सांगणाऱ्यातली.

वैताग असा की सरांचं खरं निघालं. तेवढ्याच ठोक्यांत पोरगी आता सपासप पुढे जाते. घड्याळ गप्प. मैदानाच्या कडेचा पिंपळ ओलांडला की मला तिची नुसती वेणी दिसते. यंदा निघेल ती भरतीत, निघायलाच पाहिजे, पळ म्हणून मीच तर तिचं डोकं खाल्लंय. तरी त्या घड्याळावरचा माझा राग काही उतरत नाही.

सून विचारतेय, हे टाकायचं कुठे? राहू दे माझ्या उशीखाली. शेवटचं एवढं लिही म्हटलं, आणि पोरीला वाचून दाखवू नकोस. काल मी मैदानात हाक मारली, "थांब गं, गुडघा गेला माझा." ती तशीच मागे पळत आली, माझा हात धरला, अख्खी फेरी माझ्यासोबत चालली. ठोके कमी पडले म्हणून घड्याळ कुईकुई करत राहिलं. तिनं ते बंद करून टाकलं.

गुडघ्याला काही झालं नव्हतं, आये.