मण्यांचे दिवस

तीर्थरूप आत्याबाई,
साष्टांग नमस्कार.

पत्रात आधी 'इकडील सर्व क्षेम' लिहायची रीत आहे, पण ते मी मुद्दाम गाळलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आळंदहून तुमच्या भावाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, आणि क्षेमकुशल सुरू झालं की तुम्ही हात हलवायचात, ते सोड, पुढचं वाच. म्हणून पुढचंच लिहिते. आता हे तुम्हाला कोण वाचून दाखवणार, देव जाणे!

बातमी अशी की आपल्या घरातलं बाहेर बसणं बंद झालं. तुम्ही गेलात, तुमचे तेरा दिवस उरकले आणि त्यानंतर लगेच ह्यांनी जाहीर करून टाकलं. शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचं आणि घरी बायकोला दर महिन्याला चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसवायचं, हे त्यांना पटेना. शिवाय घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी बसले तर रांधणार कोण? मामंजी आधी रुसले, मग त्यांना भूक लागली. अख्ख्या उमरग्यात मास्तरांचं नाव झालं. आणि मी अशी काही दमले आहे आत्याबाई, की ते कुणाला सांगायचीही सोय नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, बाई खुळी आहे का? ज्यातून सुटली त्यासाठीच रडते? तुम्हालाच कळेल ते. म्हणून हे पत्र.

खरं तर मला ते बसणं कधी आवडलं होतं? लग्न होऊन तुमची सून म्हणून आले तेव्हा पहिल्या खेपेला तुम्ही वरून धार धरून चहा ओतलात आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात सगळे असताना आपण परके! निजायला घोंगडी, प्यायला वेगळा तांब्या, आणि मामंजींची खडाव वाजली की पदर सावरून भिंतीकडं तोंड. ह्यांचं म्हणणं बरोबरच आहे. तेच तर माझं दुखणं आहे.

माझ्या मण्यांवर तर तुमचा आधी रागच होता. माहेराहून आणलेला तो काचमण्यांचा डबा, सुई, रेशमाचा दोरा. मी तोरणाला राघू ओवत बसले की तुम्ही ताक घुसळता घुसळता विचारायचात, "मण्यानं पोट भरतंय व्हय?" मी मान खाली घालून ओवत राहायची. कशासाठी करत होते मी ते? रुखवत माझं होऊन गेलं होतं, नणंदा तुम्ही केव्हाच उजवल्या होत्या. कुणी मागितलं नव्हतं. पण हिरव्या मण्याशेजारी लाल मणी बसला आणि राघूची चोच उठून दिसली की मला वाटायचं, आज आपण काहीतरी केलं. भाकरी खाऊन संपते, धुतलेलं लुगडं परत मळतं. राघू तसाच राहतो.

मग शकू झाली, तिच्या पाठीवर बाळू. बाळू रांगायला लागल्यावर मण्यांचं काय व्हायचं ते झालंच. त्यानं एक पिवळा मणी नाकात घातला. मी कडेवर घेऊन नुसती अंगणात फिरतेय, हे शाळेत, मामंजी ओरडताहेत की तो डबा आडात टाका. तुम्ही शांतपणे तपकिरीची डबी काढलीत, चिमूट त्याच्या नाकाशी धरलीत. बाळू असा शिंकला की मणी थेट मामंजींच्या पंचपात्राजवळ जाऊन पडला!

मला वाटलं, आता डबा गेला. तुम्ही तो उचलला, वरच्या फळीवर ठेवलात आणि मला न्हाणीघराशी गाठून म्हणालात, "लेकरं अंगावर असताना हे काम व्हायचं न्हाय. लेकरं शिवत न्हाईत तवा कर."

तेव्हापासून माझे ते चार दिवस मण्यांचे झाले. रेशमाला विटाळ नाही, काच धुतली की झालं, असा निवाडाही तुम्हीच दिलात. मुलांना सांगायचं, आईला कावळा शिवला. शकू दुरून, पायरीवर बसून बघायची. बाळू बिचारा कावळ्यांना खडे मारत हिंडायचा.

पण धाकटी नंदा झाली आणि ते दिवसही गेले. अंगावर पाजणाऱ्या बाईला कावळा कुठला शिवतो? मी महिनोन् महिने नुसती राबत होते. एकीला पाजायचं, एकाला धुवायचं, एकीची वेणी घालायची, की परत पहिली रडायला लागे. एकदा भाकरी थापता थापता मला डुलकी लागली आणि हात तव्यावर टेकला. तुम्ही बोटांना लोणी लावलंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीकडं निघाले तर तुम्ही दारात आडव्या. म्हणालात, आज बाहेर बस. मी म्हटलं, पण आत्याबाई, मला तर काहीच...

"मी म्हणते नव्हं? बस."

तुम्ही किती सोवळ्याच्या! वाळत घातलेल्या धोतराला पोराचा हात लागला तर ते परत पिळणाऱ्या तुम्ही, आणि मला खोटं बसायला सांगत होतात? देवाचं काय, असं मी विचारलं. तुम्ही दिलेलं उत्तर मी जन्मात विसरणार नाही.

"विटाळ असून न्हाय म्हणलं तर पाप. नसून व्हय म्हणलं तर देवाचं काय गेलं?"

मग दर महिन्याला तुम्ही मला असं बसवत गेलात. उघड्या लेकराला विटाळ लागत नाही म्हणून नंदाला उघडी करून पाजायला आणून द्यायचात, पोट भरलं की उचलून न्यायचात. बाळूची हगणीमुतणी, शकूची शाळा, मामंजींचं सोवळंओवळं, सगळं तुमच्या अंगावर. तुमचे गुडघे धरायचे, ते मला पडवीतून दिसत होतं. मी उठू लागले की तुम्ही डोळे वटारायचात. मी काय करणार? राघूच ओवत राहिले.

आणि आत्याबाई, तो घागरीचा दिवस! ऐन वैशाख, आडाला पाणी तळाशी. बाळू उंबऱ्याला अडखळून आपटला आणि मी सगळं विसरून धावले. त्याला उचललं आणि त्याच हातानं माजघरातल्या घागरीतून पाणी घेऊन त्याच्या कपाळाला लावलं. समोर मामंजी! ते नुसतं "शिव शिव" म्हणाले आणि देवघरात निघून गेले.

तुम्हाला ठाऊक होतं ना, मला काही झालेलं नव्हतं? ते पाणी गंगेइतकं चांगलं होतं ना? पण तुम्ही घागर उचललीत आणि तुळशीत ओतलीत. मग दुसरी, मग हंडा. भर उन्हात परत आडावर गेलात, पोहरा खडकाला लागेस्तोवर दोर सोडून पाणी शेंदलंत, डोक्यावरून अंघोळ केलीत आणि ओल्या लुगड्यानं नव्यानं स्वयंपाक मांडलात. मी पडवीत तोंडात बोळा घालून रडत होते. तेव्हाच मी उठून मामंजींना खरं सांगणार होते. तुम्ही शेंदून येताना माझ्याजवळ थांबलात आणि हळू म्हणालात, "हूं का चूं करू नको. न्हाईतर पुढच्या महिन्याला कसं बसवू?"

एवढं का केलंत माझ्यासाठी? मी विचारलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, तुला काय करायचंय. एवढीच एक गोष्ट मला तुमची आवडली नाही. तुम्ही स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाहीत. तुम्हालाही काही करावंसं वाटत होतं का? तुमच्या हातात काही होतं का, आळंदला, लहानपणी? पाच मुलं वाढवताना ते कुठं गेलं? मला काहीच माहीत नाही, आणि आता विचारू कुणाला? थंडीतापानं माणूस इतक्या लवकर जातं का? निदान आठ दिवस तरी पडायचं, मला सेवा करू द्यायची. तुम्ही तेवढीही फुरसत दिली नाहीत.

तुम्ही गेल्यापासून डबा फळीवरच आहे. पहाटे उठते ती रात्री अंग टाकेपर्यंत हात रिकामा नसतो. मुलांवर खेकसते. परवा बाळूला मारलं, आणि कशासाठी मारलं ते मारून झाल्यावर आठवेना. डबा एकदा काढला होता दुपारी, सगळी निजलेली बघून. सुईत दोरा ओवला आणि नंदा उठली. महिन्यातले ते चार दिवस गेले ते गेलेच. त्यांच्या जागी दुसरं काही मिळालं नाही.

काल संध्याकाळी हेडमास्तर सपत्नीक आले होते. ह्यांनी फार अभिमानानं सांगितलं, आमच्याकडं ते सगळं बंद. हेडमास्तरीणबाई मला म्हणाल्या, तुम्ही भाग्यवान हो! मी कडेवर नंदा, एका हातात चहाचं ताट, अशी हसत उभी होते. हे माणूस चांगलं आहे, आत्याबाई. तुमचा मुलगा आहे. त्यांना वाटतं त्यांनी मला मोकळं केलं.

मंडळी गेल्यावर मी भांडी घासत होते. शकू शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला आता कावळा शिवत न्हाय का गं?" मी म्हटलं, का? तर म्हणते, "शिवला तर बरं. तवा तू रागवत न्हवतीस."

मला रात्रभर झोप नाही. पोरीला आईचं शांत तोंड आठवतंय ते कधीचं? आई विटाळशी असतानाचं! तुम्ही असता तर हसला असता की रडला असता?

आज रविवार. सकाळी मी अंघोळ केली, पडवीत घोंगडी अंथरली, डबा काढला आणि बसले. हे चहासाठी आत डोकावले, मग बाहेर आले आणि गडबडले. म्हणाले, अगं, हे काय? आपण सोडलं ना हे?

मी म्हटलं, "विटाळ सोडला. बसणं मी सोडलेलं नाही."

त्यांना कळेना. मग मी सरळ सांगितलं. मला काही झालेलं नाही. मी दमले आहे, आणि मला माझं काम करायचं आहे. आज चूल तुमची. ते म्हणाले, लोक काय समजतील? काल एवढं सांगितलं आपण त्यांना! बघा आता, सुधारकालाही लोकांचं भय असतं. मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो पहिल्यांदा ओवला गेला नाही, दुसऱ्यांदाही नाही.

तेवढ्यात देवघरातून मामंजी बाहेर आले. माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता डबा आडात टाकायची गोष्ट निघणार. ते ह्यांना म्हणाले, "लेकरं घे अन् देवळाकडं जा. मी वरण लावतो." आणि मला विचारलं, तुरीची डाळ कुठल्या डब्यात असते. मला खरं झालंय की खोटं, हे त्यांनी विचारलं नाही. आत्याबाई, त्यांनी तेव्हाही तुम्हाला कधीच विचारलं नव्हतं का हो?

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. आता मुलांना माझ्याजवळ यायला आडकाठी नाही, म्हणून बाळू देवळातून पळत आला तो थेट माझ्या मांडीवर. मणी सांडले, ते शकूनं वेचले. वरण करपलं, त्याचा वास अजून येतोय. ह्यांचा रुसवा अजून गेलेला नाही. उद्या सोमवार, उद्या परत सगळं माझ्याच गळ्यात आहे. तुमचं खोटं सोपं होतं, हे आज कळलं. खऱ्याला रोज नव्यानं तोंड द्यावं लागणार. आज एका राघूची नुसती मान झाली, आणि मग सुई ठेवून हे पत्र लिहायला घेतलं.

तरी एक वचन देते, ते ऐका. महिन्यातून एकदा मी बसेन. थकले म्हणून बसेन, मणी ओवायचे म्हणून बसेन, आणि विचारलं तर तेच सांगेन. ह्यांना राग आला तर येऊ दे, वरण करपलं तर करपू दे. शकू उद्या लेकुरवाळी होईल. तिच्या हातात काय असेल, सुई असेल की आणखी काही, मला माहीत नाही. पण ते करायला तिला कुणी अशुद्ध ठरवावं लागणार नाही, आणि तिच्यासाठी कुठल्या म्हातारीला भर उन्हात चांगलं पाणी ओतून द्यावं लागणार नाही.

तुमची सून,
कमल