शाळेमागच्या बोअरचा आकडा

दार-एस-सलाम
१४ जून २०१९

प्रिय आत्यास,

शिकामो, पाया पडते. गुडघा कसा आहे? कॉफी पिकायला लागली असेल, माणसं मिळाली का तोडणीला? माझी तब्येत बरी आहे. इकडे उकाडा जरा उतरलाय.

माझ्या पदवीदानासाठी तू कितेंगेचं कापड घेतलंस, ते शिंप्याकडे टाकू नकोस. यंदा मला पदवी मिळत नाहीये.

तीन आठवड्यांत तीनदा तुला फोन केला आणि तिन्ही वेळा मक्याबद्दल बोलून ठेवून दिला. म्हणून हे कागदावर. बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय, उद्या संध्याकाळी तुला मिळेल.

आधी हे ऐक: शाळेमागच्या बोअरचं पाणी आपल्या छोट्या एलिनामीला पाजू नकोस. कुणालाच नको. उकळूनही नको, उकळून त्यातलं फ्लोराइड जात नाही.

जानेवारीत माझ्या प्रबंधासाठी आपण अठरा ठिकाणचं पाणी भरलं. आपल्याकडे दात तपकिरी होतात, पोरांचे पाय वाकतात, ते ज्याच्यामुळे होतं ते फ्लोराइड मोजायचं होतं. शेवटी मी तापाने पडले, तेव्हा उरलेल्या चार बाटल्या तू एकटीने भरून आणल्यास, त्या गुडघ्यानिशी. झाकणं घट्ट आहेत का ते मी पाहायचं होतं. पाहिलं नाही. बसमध्ये चारही सांडल्या.

माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक कोम्बा मॅडमना सरळ सांगायला हवं होतं. चौदा ठिकाणांवरही प्रबंध झाला असता, हे त्या नंतर म्हणाल्या. पण वर्गात सगळ्यांच्या आधी माझं काम संपावं, याची मला हाव होती. आजूबाजूचे आकडे पाहून मी ते चार आकडे मनाने लिहिले. प्रत्येक पाणी तीनदा मोजायचं असतं, म्हणून तीन-तीन लिहिले, आणि खरे वाटावेत म्हणून त्यांत थोडा थोडा फरक ठेवला. १.२१, १.१९, १.२०. हा शाळेमागच्या बोअरचा. दीडपर्यंत चालतं. लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, आत्या.

मार्चमध्ये मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी पाणी दिलं त्यांना आकडे कळव." मी कागद पाठवला. वाटलं, कोण वाचतंय.

ईस्टरला आले तर तो कागद बोअरच्या भिंतीवर चिकटवलेला आणि समोर ही रांग. डोंगरावरच्या झऱ्याला जाणं सगळ्यांनी सोडलेलं. एकटे काया आजोबा रिकामा कॅन घेऊन वर निघाले होते. म्हणाले, "ह्या पाण्याचा चहा वेगळाच लागतो. मी नाही पिणार."

तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "म्हाताऱ्या, तुझी जीभ खरी की आमच्या पोरीचं मशीन? जा, चढ डोंगर, आणि पाय मोडून घे!"

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू स्वतः मोजलंस ना, बाळ?"

मी म्हणाले, "हो, आजोबा."

त्यांनी मान डोलावली आणि आपला कॅन पंपाखाली धरला.

त्या दुपारी तू केळी-मटणाची माचालारी केली होतीस. मी अर्धं ताट बाजूला सारलं, तर तू म्हणालीस, शहरात राहून हिचं पोटच आक्रसलं.

येताना त्या बोअरची एक बाटली भरून आणली. तीनदा मोजली. आठ पूर्णांक सहा. त्यानंतर महिनाभर मी गप्प होते. रोज जेवत होते, मैत्रिणींशी हसत होते.

शेवटी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी विचारलं, "मग हे आकडे आले कुठून?"

"माझ्या डोक्यातून."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी प्रबंधातलं आपल्या सहीचं पान काढून घेतलं आणि विचारलं, "गावाला कोण सांगणार? मी कळवू?" मी म्हटलं, नको, मी सांगते. त्याला आज तीन आठवडे झाले. काल त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाल्या, उद्यापर्यंत तू कळवलं नाहीस, तर मी कळवेन. हे पत्रसुद्धा मी आपणहून लिहिलेलं नाही, तेही कळू दे तुला.

एलिनामी चार वर्षांची. तिचे पक्के दात अजून हिरड्यांत आहेत आणि तीन महिने ती हे पाणी पितेय. हसताना तू तोंडावर हात धरतेस. तिला तसा धरावा लागला, तर तो माझ्यामुळे.

मंगळवारी मला समितीपुढे उभं राहायचंय. कदाचित वर्षभराने पुन्हा प्रबंध करू देतील, कदाचित काढून टाकतील. ते झालं की मी येते. काया आजोबांच्या दारात मी स्वतः जाईन, तिथे तू जाऊ नकोस. घरात घ्यावंसं वाटलं नाही तर शाळेत राहीन.

पण गावाने माझी वाट पाहायला नको. पत्र मिळताच तो कागद फाड आणि परवा रविवारी प्रार्थनेनंतर हे सगळ्यांना वाचून दाखव. ज्यांच्यासमोर तू माझी बाजू घेतलीस त्यांच्यासमोर तुला मान खाली घालायला लावतेय, हे मला कळतंय. तरी वाच. खाली पूर्ण नाव लिहिते, तेही वाच.

न्देशी एलिसांते नान्यारो