खरखरीत बाजू वर

५ जानेवारी, रविवार

चहा हातात दिला तर अण्णांनी हात जोडले — ‘मेहरबानी, शेठ!’ पोटच्या पोराला, या सुकदेवला! दिवाळीपासून मी शेठ आहे. गाडी मात्र अजून आलेली नाही.

त्यांचा जुना कॅमेरा उघडा पडलाय. जन्मभर त्याने गिऱ्हाइकांचे फोटो काढले; नंतर दिवसभर मांडीवर असायचा. चामडं झिजून खरखरीत झालं, मग नखांनी खरवडून सुटलंच. आता हाताला पत्रा लागतो आणि ते ढकलून देतात. ‘हा डबा माझा नाही.’ नजर अधू, हातांनीच ओळखतात.

नवं चामडं चढवावं म्हणतो. कॅमेरा ओळखतील. मग मागोमाग कदाचित मलाही.

छाया म्हणाली, ‘आधी डब्याचा नंबर, मग तुमचा!’ बायकोला सगळं समजतं.

७ जानेवारी

लिंबायतच्या मोच्याकडून बकऱ्याचं चामडं आणलं. ‘काका, चप्पल बनानी है?’ म्हटलं, कॅमेरा. त्याने फुकटात तासून पातळ करून दिलं. वेड्यांना सवलत असावी.

९ जानेवारी

थिनरने जुना गोंद काढला. सकाळी वंदनेला बसलो तर अगरबत्तीलाही थिनरचा वास. बुद्ध क्षमाशील आहेत. छाया नाही.

१२ जानेवारी, रविवार

अठ्ठावीस वर्षं मिलमध्ये कापड तपासतोय. ताका उलगडताच उलट-सुलट सांगणारा माणूस! ही नोकरी कुणाच्या वशिल्याने मिळाली नाही. गावच्या शाळेतून आलो, गेटवर उभा राहिलो, शेठने नजर पारखून आत घेतलं. घरात सगळ्यांना पाठ आहे. परवा वृषालीला पुन्हा सांगितलं — लेकीने जांभई दिली.

तर या पारखी नजरेने कागदाचा साचा चामड्याच्या पाठीवर ठेवला आणि कापलं. आरशातल्यासारखं! भिंगाचं भोक भलतीकडेच. पलटलं की बरोबर बसतं, पण खरखरीत बाजू वर. चामडं तेवढंच होतं. तसंच चिकटवलं.

वृषाली — ‘पप्पा, आ तो ऊंधुं छे!’ ‘उलटं आहे’ म्हणण्याइतकं मराठी तिला येतं. अपमान तेवढा गुजरातीत करते.

१३ जानेवारी

अण्णांना दिला नाही. लाज वाटली. कपाटात ठेवला, वर टॉवेल.

१४ जानेवारी, उतराण

छायाने मला न विचारता कॅमेरा काढून दिला. गच्चीवर ऊन, वर पतंगच पतंग. अण्णांचा अंगठा त्या खरखरीत चामड्यावरून फिरत राहिला. ‘माझाच आहे.’

मी पुढे वाकलो. ‘अण्णा, मी कोण?’

‘शेठ, सरळ उभे राहा. फोटोचे पैसे नकोत. तेवढं आमच्या सुकदेवला कामाला ठेवून घ्या. गेटवर उभाच आहे. नजर पक्की आहे पोराची. आणि मी बोललो ते त्याला सांगू नका — मानी आहे.’

मी सरळ उभा राहिलो.

म्हटलं, ‘पाठवा आत.’