खुलाशाची संधी

दि. ३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायचं तर अप्पा शेजारीच असतात, म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी गाडी पुसून अ‍ॅप उघडलं, तर खातं बंद! 'आपली सेवा थांबवण्यात आली आहे', एवढंच. सात वर्षं लोकांना वेळेत पोचवलं, त्यांच्या विसरलेल्या छत्र्या घरपोच केल्या, आणि मला कारण सांगायला एक माणूस नाही. मदतीच्या नंबरवर एका बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे, त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

गेल्या महिन्यात कंबर धरली म्हणून तीन आठवडे पडून होतो. आता कुठे उभा राहिलो, तर हे उपटलं. तुझी वहिनी तुझी फार आठवण काढते. तब्येतीला जप.
तुझा दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. पत्र मिळालं. हातपाय गाळू नकोस. नवा नियम झालाय. कंपनीला आता लेखी कारण द्यावं लागतं, आणि चालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय खातं कायमचं बंद करता येत नाही. त्यासाठी तुमच्या संघटनेने दोन वर्षं घसा कोरडा केला. तू मात्र एका सभेला फिरकला नाहीस, मला कोण हात लावतोय म्हणून! आता मुकाट्याने त्यांच्याच दारात जा आणि सुनावणीचा अर्ज भर.

पुढचं लिहायला हात धजत नाही. तू पडून होतास तेव्हा मीच अप्पांना फोन केला होता. म्हटलं, गाडी उभी राहिली तर दादाचा अ‍ॅपवरचा वरचा दर्जा जाईल, पुन्हा खालून सुरुवात. ते म्हणाले, बघतो. त्यांनीच गाडी बाहेर काढली ना? चूक माझी आहे, दादा. सुनावणीत घडलं तेच सांग, खुशाल माझं नाव घे.

अप्पांना नमस्कार. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी टिल्लू

दि. २१ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. खातं सुरू झालं. कालपासून गाडी रस्त्यावर आहे.

तुझ्या फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. मला सगळं माहीत होतं. अ‍ॅपला रोज सकाळी चेहरा दाखवावा लागतो. तो मी पलंगावरून दाखवायचो आणि फोन अप्पांच्या हातात द्यायचो. पुढे एका प्रवाशाने चालक वेगळाच असल्याची तक्रार केली, फोटोही पाठवला.

सुनावणीला कंपनीचे तिघे होते, संघटनेचे सेक्रेटरी माझ्या बाजूला. सगळे नीट वागले, पाणीसुद्धा विचारलं. मग साहेबांनी समजावलं, की मला माहीत असेल तर खातं कायमचं जाईल, माझ्या नकळत कुणी गाडी नेली असेल तर गोष्ट वेगळी. अप्पा बाहेर बाकावर होते आणि दार उघडंच होतं. मला घराचे हप्ते दिसले, पोरींच्या फिया दिसल्या. मी म्हणालो, मला काहीच माहीत नव्हतं.

अप्पांना आत बोलावलं. माझ्याकडे न बघता त्यांनीही तेच सांगितलं. सवयीने अ‍ॅप उघडून मुलगा पुन्हा झोपला की त्याला न विचारता गाडी आणि फोन घेतला, असं लिहिलेला कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि सही केली. एकतीस वर्षं बस चालवली त्या माणसाने, नावावर एक शेरा नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, जिना जपून उतर, कंबर अजून नाजूक आहे.

सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं ऐकायला समोर बसलं होतं, टिल्लू, आणि मी हे म्हणालो.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तर तक्रार नाही. अप्पांवरचा मात्र दुप्पट कर.
दादा